सेव्हन्सच्या स्पर्धेआधी कागद कसा वाचावा : पॅरिस २०२४च्या नोंदींवरून

मित्रहो, २३ जुलै २०२४ला, म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं रग्बी सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी) सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, कागदावर काय दिसत होतं तिथूनच सुरुवात करू. फिजी : रिओत सहा सामने, सहा विजय, टोकियोत सहा सामने, सहा विजय. ऑलिम्पिकमध्ये हा संघ तोवर एकदाही हरला नव्हता. अर्जेंटिना : २०२३-२४च्या जागतिक मालिकेत (वेगवेगळ्या शहरांतल्या टप्प्यांची मोसमभराची स्पर्धा) केपटाउन, पर्थ आणि व्हँकुव्हर असे सलग तीन टप्पे जिंकून साखळी तक्त्यात पहिला. न्यूझीलंड : हाँगकाँग आणि सिंगापूर, लागोपाठ. फ्रान्स : लॉस एंजेलिसचा टप्पा आणि माद्रिदची महाअंतिम स्पर्धा. दक्षिण आफ्रिकेची तर थेट पात्रताच हुकली होती. मोनॅकोतल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेतून हा संघ आत आला.

चार दिवसांनी सुवर्ण फ्रान्सला मिळालं, रौप्य फिजीला, कांस्य दक्षिण आफ्रिकेला. साखळीत पहिला आलेला अर्जेंटिना आणि लागोपाठ दोन टप्पे जिंकलेला न्यूझीलंड, दोघेही एकाच संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडले.

असे निकाल लागले की ‘सेव्हन्समध्ये काहीही होऊ शकतं’ असं म्हणून विषय मिटवला जातो. मला ते मान्य नाही. कागद खोटा नव्हता. त्यातल्या कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं हे ठरवायला हवं होतं, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे. विक्रम संघाच्या नावावर लिहिलेले असतात. खेळायला उतरतात ते त्या आठवड्यातले बारा जण : सात मैदानात, पाच बदली. या दोन गोष्टींमधलं अंतर किती आहे, हे मोजता आलं पाहिजे.

आधी खेळाचं गणित. मैदान पंधरा जणांच्या रग्बीचंच, पूर्ण आकाराचं. खेळाडू सात. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवण्याला, ५ गुण, त्यानंतर खांबांमधून मारायच्या कन्व्हर्जनच्या किकला २, पेनल्टीवर ड्रॉप किक (चेंडू हातातून सोडून जमिनीवर आपटताच मारलेली किक) मारून गोल केला तर ३. पण पेनल्टीवर सहसा कुणी गोल मारायला थांबत नाही. चेंडूला पाय लावून लगेच पळणं जास्त फायद्याचं असतं. चौदा मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण निम्मा वेळ. म्हणजे एका संघाच्या हातात चेंडू जेमतेम साडेतीन-चार मिनिटं, आणि तोही सहा-सात तुकड्यांत. त्यातला एक तुकडा हातातून निसटला, तर पंधरा जणांच्या सामन्यात ऐंशी मिनिटांत जी चूक भरून निघते ती इथे भरून निघायला जागाच नसते.

पिवळं कार्ड घ्या. सेव्हन्समध्ये त्याची शिक्षा दोन मिनिटं बाहेर बसण्याची. दोन मिनिटं म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये जवळजवळ तीन षटकं एक क्षेत्ररक्षक कमी ठेवून गोलंदाजी करायला लावली तर काय होईल, तसं हे आहे. शिवाय उरलेल्या सहा जणांना सत्तर मीटर रुंदी सांभाळायची असते. म्हणून संघाची शिस्त हा माझ्या दृष्टीने फॉर्मचाच भाग आहे, वेगळा विषय नाही. गेल्या तीन टप्प्यांत किती कार्डं मिळाली, कशाबद्दल मिळाली, हे लिहून ठेवा. उंच टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्याला खांद्याच्या वर पकडल्याबद्दल, मिळालेलं कार्ड हा बहुतेक वेळा थकव्याचा पुरावा असतो : पाय पोहोचले नाहीत, म्हणून हात वर गेला. मुद्दाम चेंडू पुढे ठोकल्याबद्दलचं कार्ड वेगळं सांगतं. तिथे बाजूला एक जण कमी पडला होता, बचावाची रांग तुटली होती. कार्डाने सामना हरलाच पाहिजे असं मात्र नाही. टोकियोत अर्जेंटिनाच्या गास्तोन रेवोलला उपांत्यपूर्व सामन्याच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं आणि तरी सहा जणांनी दक्षिण आफ्रिकेला १९-१४ हरवलं. पण हा अपवाद आहे, आणि त्याच्या बळावर शिस्तीचा रकाना कोरा सोडू नका.

आता कन्व्हर्जन. या रकान्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि सामने सगळ्यांत जास्त इथेच ठरतात. रिओत जपानने न्यूझीलंडला गटात हरवलं : १४-१२. पॅरिसमध्ये न्यूझीलंडने आयर्लंडला हरवलं : १४-१२. पॅरिसच्याच महिलांच्या कांस्यपदकाच्या सामन्यात अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेही १४-१२. तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंचे ट्राय समान, दोन-दोन. फरक फक्त एका कन्व्हर्जनचा. २०२२च्या केपटाउन विश्वचषकात महिलांचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडविरुद्ध २४-२२ जिंकला. चार-चार ट्राय, कन्व्हर्जन दोन विरुद्ध एक. ‘थोडक्यात जिंकला’ अशी ओळ आपण लिहितो, तेव्हा ते ‘थोडकं’ बहुतेक वेळा हेच असतं.

इथे दोन बारकावे आहेत. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जनची किक ड्रॉप किकच असते, चेंडू जमिनीवर ठेवून मारता येत नाही. वेळही फार थोडा, सध्या तीस सेकंद. त्यामुळे नव्वद मीटर पळून ट्राय केलेला खेळाडू स्वतःच किकर असेल तर तो धापा टाकत किक मारणार. म्हणून किकर कोण, आणि ट्राय करणाऱ्यांत तो स्वतः किती वेळा असतो, हे पाहा. दुसरं म्हणजे चेंडू कुठे टेकवला जातो. गोलरेषा ओलांडल्यावर खांबांकडे वळून मधोमध टेकवायची सवय असलेला संघ आणि कोपऱ्यातच उडी मारणारा संघ, यांची कन्व्हर्जनची टक्केवारी किकर सारखाच असला तरी वेगळी येते. संघाची टक्केवारी घसरली असेल तर आधी ट्राय कुठे टेकवले ते बघा, मग किकरला दोष द्या. कोपऱ्यातले ट्राय वाढलेत याचा अर्थ समोरचे संघ मधली वाट बंद करू लागलेत. ही बातमी किकरच्या बातमीपेक्षा मोठी आहे.

तिसरा रकाना किक-ऑफचा, आणि माझं सगळ्यांत आवडतं ठिकाण हेच. पंधरा जणांच्या रग्बीत गुण खाल्लेला संघ पुन्हा किक-ऑफ करतो. सेव्हन्समध्ये उलटं : ज्याने ट्राय केला तोच किक मारतो. म्हणजे नियमाने चेंडू समोरच्याला मिळायला हवा. पण किक दहा मीटरच्या रेषेपलीकडे जेमतेम पडेल अशी उंच मारली आणि आपला उंच उडी घेणारा गडी वेळेवर खाली पोहोचला, तर चेंडू परत आपल्याच हातात. एकदा हे साधलं की समोरच्याने चेंडूला हातही न लावता सात गुणांचे चौदा होतात. हेच दोनदा झालं तर चौदा मिनिटांचा सामना संपल्यात जमा. किक दहा मीटर गेली नाही किंवा थेट बाहेर पडली तर मात्र मध्यरेषेच्या मधोमध समोरच्याला फ्री किक मिळते, आणि मोकळ्या मैदानावर ती जवळजवळ आमंत्रणासारखी असते. म्हणून या रकान्यात तीन आकडे हवेत : स्पर्धा करण्यासाठी मारलेल्या किक किती, त्यातल्या परत मिळवल्या किती, आणि चुकून फ्री किक दिल्या किती. मुद्दाम लांब मारलेल्या किक यात मिसळू नका. पुढे असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत लांब मारतो. त्या मिसळल्या की चांगला संघही कागदावर वाईट दिसतो. आणि समोरून आलेल्या किक स्वच्छ झेलल्या किती, हा चौथा आकडा. तो पाहिल्याशिवाय बचावाबद्दल बोलूच नये, कारण निम्म्या वेळा बचाव कोसळत नाही, झेल सुटलेला असतो.

हे सगळे आकडे छापील निकालपत्रकात मिळत नाहीत. सामन्याची चित्रफीत थांबवत-थांबवत पाहून काढावे लागतात. एका सामन्याला पाऊण तास धरा. एका टप्प्यात एक संघ पाच-सहा सामने खेळतो. दोन टप्प्यांचं काम केलंत की त्या संघाबद्दल तुम्हाला जे कळेल, ते वीस वर्षांच्या विजेत्यांच्या यादीतून कळणार नाही.

आता पॅरिसकडे परत येऊ. गट ‘अ’ मध्ये न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि जपान. पहिल्या दिवशी दक्षिण आफ्रिका आयर्लंडकडून ५-१० आणि न्यूझीलंडकडून ५-१७ असा हरला. दोन सामने, दोन पराभव, दोन ट्राय. फॉर्म बघणाऱ्या कुणीही त्या रात्री हा संघ यादीतून काढला असता. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, त्यांनी जपानला ४९-५ हरवलं. तिसऱ्या क्रमांकावरच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोन पुढे जातात, आणि बरोबरी झाली तर गुणफरक मोजला जातो. एका मोठ्या विजयाने दक्षिण आफ्रिकेचा गुणफरक थेट अधिक २७ झाला आणि ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. समोर पुन्हा न्यूझीलंड, ज्यांनी आदल्याच दिवशी त्यांना बारा गुणांनी हरवलं होतं. निकाल : दक्षिण आफ्रिका १४, न्यूझीलंड ७.

इथे वेळापत्रक वाचायचं. उपांत्यपूर्व सामने २५ तारखेलाच संध्याकाळी होते, म्हणजे तिसरा गटसामना आणि बाद फेरीचा पहिला सामना एकाच दिवशी. न्यूझीलंडचा तिसरा गटसामना आयर्लंडशी होता आणि तो १४-१२ असा शेवटच्या क्षणापर्यंत ताणला गेला. दक्षिण आफ्रिकेचा जपानशी होता आणि तो लवकरच एकतर्फी झाला. एकतर्फी सामन्यात मुख्य खेळाडूंना लवकर बाहेर बोलावता येतं; ताणलेल्या सामन्यात येत नाही. संघात बारा जण, त्यातले पाचच बदलायला. त्याच संध्याकाळी पुन्हा पूर्ण वेगाने धावायचं असेल तर आधीच्या सामन्यातली तीन-चार मिनिटांची बचतही पायांत जाणवते. न्यूझीलंड याच एका कारणाने हरला असं मी म्हणणार नाही. पण गटात पहिलं येणं म्हणजे आपोआप सोपी वाट, हा समज वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय बाळगू नये. गटवारी जाहीर झाली की सगळ्यांत आधी दुसऱ्या दिवसाचा पहिला सामना कुणाचा कुणाशी आहे, ते बघा.

फ्रान्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्यांचा गट : फिजी, अमेरिका, उरुग्वे. अमेरिकेशी १२-१२ बरोबरी, उरुग्वेवर १९-१२ असा जेमतेम विजय, फिजीकडून १२-१९ पराभव. तीन सामन्यांचा मिळून गुणफरक शून्य. घरच्या मैदानावर, स्ताद द फ्रान्सच्या गर्दीसमोर, एवढंच. मग अर्जेंटिना २६-१४, दक्षिण आफ्रिका १९-५, आणि अंतिम सामन्यात फिजी २८-७.

हे आधी दिसू शकलं असतं का? काही प्रमाणात हो. मालिकेतल्या निकालांना तारखा लावून बघा. अर्जेंटिनाचे तीन विजय डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीतले. ऑलिम्पिक जुलैअखेर. फ्रान्सचा लॉस एंजेलिसचा विजय मार्चमधला, आणि तो त्यांचा २००५नंतरचा पहिलाच टप्पा. माद्रिद जूनच्या सुरुवातीला, जिथे अंतिम सामन्यात त्यांनी अर्जेंटिनालाच हरवलं. म्हणजे एका संघाची रेषा खाली येत होती आणि दुसऱ्याची वर जात होती. साखळी तक्त्यात मात्र सगळ्या महिन्यांना सारखंच वजन. म्हणून मी शेवटचे तीन टप्पे वेगळे काढतो आणि त्याआधीच्या टप्प्यांना पार्श्वभूमी म्हणूनच वापरतो. सहा महिन्यांपूर्वीचा फॉर्म ही माहिती असते, अंदाजाचा आधार नसतो.

दुसरी गोष्ट संघाच्या यादीची. पंधरा जणांच्या रग्बीतला फ्रान्सचा मोठा खेळाडू आन्त्वान द्युपाँ याने सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची पंधरा जणांची स्पर्धा सोडून व्हँकुव्हरपासून सेव्हन्स खेळायला सुरुवात केली. फ्रान्सचे दोन्ही विजय त्यानंतरचे. व्हँकुव्हरआधीचा फ्रान्स आणि नंतरचा फ्रान्स हे कागदावर दोन वेगळे संघ धरायला हवेत. अंतिम सामन्यात मध्यंतराला गुणफलक ७-७ होता. द्युपाँ दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला आत आला, डाव्या कडेने पळत जाऊन आरों ग्रांदिदियेला ट्राय मिळवून दिला आणि नंतर स्वतः दोन केले. खेळाडू असामान्य होता हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो बाकावरून येतो, समोरच्यांचे पाय जड झाल्यावर येतो, ही गोष्ट आधीच्या सामन्यांची बदलपत्रकं पाहणाऱ्यालाच दिसली असणार. पहिले सात कोण यापेक्षा आठवा आणि नववा कोण आणि कोणत्या मिनिटाला, हा प्रश्न सेव्हन्समध्ये जास्त मोलाचा आहे. संघ जाहीर झाल्याची बातमी देताना आपण बाराही नावं सपाट छापतो. निदान किक-ऑफ झेलणारा कोण, किकर कोण, शेवटचा बचाव कोण आणि दुसऱ्या डावात कोण येतो, एवढं तरी त्यातून वेगळं काढावं.

आता फिजीचा विक्रम. पॅरिसच्या अंतिम सामन्याआधी ऑलिम्पिकमध्ये सलग १७ विजय. हा आकडा भव्य आहे आणि त्या लहानशा देशाने तो कमावला याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण अंदाजासाठी तो वापरताना विचारा : हे १७ विजय कुणाचे? रिओच्या सुवर्णसंघातला एकटा जेरी तुवाई टोकियोच्या संघात होता. रिओत प्रशिक्षक बेन रायन, टोकियोत गॅरेथ बेबर. त्यानंतर बेन गोलिंग्ज आले आणि पॅरिस काही महिन्यांवर आलं असताना सूत्रं रिओचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊकडे गेली. २०२३-२४च्या पूर्ण मालिकेत फिजीने एकही टप्पा जिंकला नव्हता. खेळण्याची शैली, चेंडू टॅकलमध्ये असतानाही सोडवून पुढे देण्याची हातोटी, लहानपणापासूनचं सेव्हन्स, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं आणि म्हणूनच फिजी त्या अडचणीच्या वर्षातही अंतिम सामन्यात पोहोचला. वारसा तेवढं वजन पेलतो. त्याहून जास्त त्याच्यावर टाकलं की अंदाज चुकतो.

गटातला १९-१२ विजय फिजीच्या बाजूने पुरावा म्हणून दोनच दिवसांनी अनेकांनी वापरला असेल. त्या निकालात प्रत्यक्षात काय होतं? तीन ट्राय विरुद्ध दोन. एका ट्रायचा फरक. दोन्ही संघ उपांत्यपूर्व फेरीच्या उंबरठ्यावर, त्याच संध्याकाळी पुढचा सामना. अशा सामन्यावरून एकमेकांविरुद्धची कामगिरी ठरवणं घाईचं होतं. आमनेसामनेचा इतिहास मी फक्त याच मोसमातला घेतो, आणि त्यातही बाद फेरीतला वेगळा मांडतो.

विक्रमाची प्रत तपासणं म्हणजे काय, याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण २०२१-२२ची मालिका. दक्षिण आफ्रिकेने पहिले चारही टप्पे जिंकले : दुबईत दोन, मग मालागा, मग सेव्हिया. आधीच्या मोसमातले दोन टप्पे धरून मालिकेत सलग ३६ विजय. अपराजित वगैरे विशेषणं सगळीकडे छापून आली. पण त्या चार टप्प्यांत कोण नव्हतं? महामारीच्या निर्बंधांमुळे न्यूझीलंड एकाही ठिकाणी नव्हता. स्पेनमधल्या दोन टप्प्यांत फिजीही नव्हता. एप्रिलमध्ये सिंगापूरला सगळे एकत्र आले आणि ती विजयांची साखळी तिथेच तुटली. सिंगापूर फिजीने जिंकलं. वर्षअखेर नऊपैकी चार टप्पे जिंकलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या हातून विजेतेपद निसटलं आणि ते गेलं ऑस्ट्रेलियाकडे, ज्यांनी लंडनचा एकच टप्पा जिंकला होता पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वरच्या चौघांत किंवा आसपास राहून गुण जमवले होते. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केपटाउनला विश्वचषक झाला. घरच्या मैदानावर दक्षिण आफ्रिका उपांत्यपूर्व फेरीतच आयर्लंडकडून हरला. फिजीने अंतिम सामन्यात न्यूझीलंडला २९-१२ हरवलं. विजयांची साखळी लिहिताना शेजारी ‘कुणाविरुद्ध’ हा रकाना नसेल तर ती साखळी छापू नका, एवढी माझी विनंती आहे.

जुन्या-नव्या आकड्यांची बेरीज करतानाही सावध राहा. २०२२-२३पर्यंत पुरुषांच्या टप्प्यात १६ संघ असत. २०२३-२४पासून १२ झाले. २०२५-२६पासून वरच्या गटात आठच उरले. १६ संघांच्या काळात गटात एखादा कमकुवत संघ हमखास मिळायचा, तिथे ट्रायची संख्या फुगायची. आता आठ संघांत पहिल्याच सामन्यापासून बरोबरीची लढत. त्यामुळे आजच्या खेळाडूने वर्षात कमी ट्राय केले म्हणजे तो घसरला असं नाही. इंग्लंडच्या डॅन नॉर्टनचे मालिकेतले ३५८ ट्राय किंवा बेन गोलिंग्जचे २,६५२ गुण हे विक्रम याच पार्श्वभूमीवर वाचायचे. ते मोठे आहेतच. पुढे कुणी त्यांच्या जवळ जाईल अशी परिस्थिती आता उरलेली नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स पूर्वी मालिकेत वेगवेगळे खेळत, आता ग्रेट ब्रिटन म्हणून एकत्र. वेल्सने २००९ला दुबईत विश्वचषक जिंकला होता, तो ग्रेट ब्रिटनच्या खात्यात मोडत नाही. मैदानही बदलतं. फिजीने २०१५ ते २०१९ सलग पाच वेळा हाँगकाँग जिंकलं ते जुन्या हाँगकाँग स्टेडियमवर, मार्च-एप्रिलच्या दमट हवेत. २०२५पासून ही स्पर्धा काई ताकच्या, छत बंद करता येणाऱ्या मैदानावर होते. छताखाली वारा नाही, चेंडू ओला नाही, उंच किक-ऑफ नेमकी पडते. तिथे जुन्या मैदानावरचे आकडे किती लागू करायचे, हे नवे दोन-चार मोसम झाल्यावरच ठरेल.

महिलांच्या स्पर्धेबद्दल थोडक्यात. पॅरिसला येताना माद्रिदची महाअंतिम स्पर्धा ऑस्ट्रेलियाने जिंकलेली; न्यूझीलंडने व्हँकुव्हर, लॉस एंजेलिस, हाँगकाँग, सिंगापूर असे सलग चार टप्पे जिंकून साखळी नावावर केलेली. न्यूझीलंडने सुवर्ण राखलं, म्हणजे इथे फॉर्म खरा ठरला. ऑस्ट्रेलिया मात्र उपांत्य सामन्यात कॅनडाविरुद्ध १२-० पुढे असताना १२-२१ हरला, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात शेवटच्या चालीवर अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स सेड्रिकने आपल्याच टोकाकडून जवळजवळ पूर्ण मैदान पळत ट्राय केला, मग कन्व्हर्जनही तिनेच मारलं. ट्राय खांबांमध्ये होता, म्हणून ती किक सोपी होती. तो कोपऱ्यात टेकवला गेला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. दोन्ही पराभवांत ऑस्ट्रेलिया आधी पुढे होता. असं दिसलं की त्या संघाचे शेवटच्या तीन मिनिटांत खाल्लेले ट्राय मागच्या टप्प्यांत जाऊन मोजायचे. पुढे असताना चेंडू राखून ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि गुणफरकात ते कधीच दिसत नाही.

श्रोत्यांमधून दोन प्रश्न आले आहेत. पहिला : अशी नोंदवही प्रत्यक्ष आखायची कशी? एका सामन्याला एक ओळ. प्रतिस्पर्धी, स्पर्धेचा दिवस, त्या दिवसातला कितवा सामना; ट्राय केले आणि खाल्ले, प्रत्येकाचं मिनिट आणि त्या वेळचा गुणफलक; कन्व्हर्जन प्रयत्न आणि यश, सोबत ट्राय मधला की कोपऱ्यातला; किक-ऑफचे ते चार आकडे; ब्रेकडाउनवर (टॅकलनंतर चेंडूसाठी होणाऱ्या झटापटीत) दिलेल्या पेनल्टी; कार्डं; पहिले सात आणि बदलांची मिनिटं. मिनिट आणि गुणफलक लिहिण्याचं कारण असं की २८-० पुढे असताना शेवटी खाल्लेला ट्राय आणि ७-७ असताना खाल्लेला ट्राय एकाच मापाने मोजले की बचावाचा अंदाज बिघडतो. सरासरी काढण्याची घाई करू नका. पाच-सहा सामन्यांची सरासरी एका ४९-५ने पार बदलते. त्यापेक्षा सामने ओळीने समोर ठेवून डोळ्यांनी वाचलेलं बरं.

दुसरा प्रश्न आशियाचा आणि भारताचा. आशियाई क्रीडा स्पर्धेत सेव्हन्स १९९८ला बँकॉकला आलं. पुरुषांचं सुवर्ण १९९८ आणि २००२ला दक्षिण कोरियाला, २००६, २०१० आणि २०१४ला जपानला, २०१८ आणि २०२३ला हाँगकाँगला. महिलांचं २०१०ला कझाकस्तान, २०१४ला चीन, २०१८ला जपान, २०२३ला पुन्हा चीन. हांगझोच्या त्या अंतिम सामन्यात जपान २१-२२ने मागे राहिला. या यादीकडे बघून आशियात सत्ता पिढीनुसार सरकते एवढं कळतं, पुढचा विजेता कळत नाही. जपानच्या पुरुषांचंच बघा : रिओत चौथे, टोकियोत स्वतःच्या घरी अकरावे, पॅरिसमध्ये बारावे. रिओच्या नावावर आज अंदाज बांधणं चुकीचं.

भारतीय संघांबद्दल मराठी वृत्तपत्रांत आता थोडं लिहिलं जातं, ते वाढायला हवं. जून २०२५मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, विजेता चेन्नई बुल्स. तिथे भारतीय खेळाडू परदेशी ऑलिम्पियनांच्या जोडीने खेळले. त्यामुळे लीगमधले एखाद्या भारतीय खेळाडूचे ट्राय वाचताना चेंडू त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवला आणि समोरच्या बचावात कोण होतं, हे दोन्ही बघावं लागेल. भारतीय महिलांनी २०२२ला जकार्तात आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत रौप्य मिळवलं. ती खंडातली दुसऱ्या पायरीची स्पर्धा आहे. यशाचं मोल त्याने कमी होत नाही, पण जपान-चीनविरुद्धच्या सामन्यांच्या रकान्यात ते आकडे घालू नयेत. दोन पायऱ्यांची दोन पानं ठेवावीत. आशियाई क्रीडा स्पर्धेत वरच्या पायरीचा संघ समोर आला की दोनच आकड्यांवर नजर ठेवा : समोरून आलेल्या किक-ऑफपैकी आपण किती स्वच्छ झेलल्या, आणि पहिल्या टॅकलनंतर चेंडू किती वेळा आपल्याकडेच राहिला. पराभव ०-३८ असो की ०-१९, मागच्या स्पर्धेपेक्षा हे दोन आकडे वर गेले असतील तर बातमी तीच आहे आणि ती पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे.